ओट्यामागे काच लावायची आहे, पण भिंतीत पाच स्विचबोर्ड आहेत

गुहागरचा_गडी
मंडळी, जरा मदत हवी आहे. गुहागरजवळ गावी आमचं घर आहे. जुनं चिऱ्याचं, बाबांनी नंतर मागे स्लॅब टाकून वाढवलेलं. यंदा स्वयंपाकघर नव्याने करतोय. ओटा झाला, काळा ग्रॅनाइट बसला. ओट्यामागच्या भिंतीला मात्र आईला टाइल नको आहे. जुन्या टाइलच्या सांध्यांत हळद, तेल आणि मासळी तळल्याचा मेणचट थर बसायचा, तो टूथब्रशने घासून घासून तिचे खांदे गेले. ताईच्या पनवेलच्या घरी तिने मागून रंग दिलेली काच पाहिली. एक फडकं मारलं की साफ. तेव्हापासून एकच धोशा.

भिंत साडेअकरा फूट लांब, ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत दोन फूट. त्यात वायरमनने पाच बोर्ड काढलेत. मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर, आणि पाचवा "असू दे, लागेल कधीतरी".

आता गंमत अशी की काचवाला म्हणतो, भोकांची मापं आधी द्या, नंतर एक मिलिमीटरही हलणार नाही. वायरमन म्हणतो, काच लागू दे, मग मी बॉक्सची लेव्हल घेतो. गवंडी म्हणतो, तुमचं दोघांचं ठरलं की मला हाक मारा. तिघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात आणि गणपती पाच आठवड्यांवर आलेत. मुंबईहून चौदा माणसं येणार. कुणी काचेत बोर्ड बसवलेत का? आधी काय करायचं?

मालवणी_मसाला
मी पयलो! अरे मेल्या, भोकांच पाडूची तर काच कित्याक व्हयी? आमच्या आजयेन चुलीमागे शेणान सारवलेल्या भिंतीर आयुष्य काढल्यान. काचय फुटाक नाय नि शॉकय लागाक नाय. ह. घ्या. (हलके घ्या)

गुहागरचा_गडी
@मालवणी_मसाला, हे आईला सांगून बघा. नंबर देतो.

सुरंगी
आमच्याकडे रत्नागिरीला चार वर्षांपूर्वी केलंय, त्यामुळे हक्काने लिहिते. करा, पण आमच्यासारखं करू नका.

आम्ही साधी लॅकर्ड काच घेतली होती. ती टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, नसते, दुकानात रंगासकट पत्र्यासारखी मिळते. आमच्या माणसाने घरीच अंगणात काच आडवी टाकून ग्राइंडरने बोर्डाचे चौकोन कापले. वर पाणी ओतायला माझा मुलगा मग घेऊन उभा. दिसायला झकास झालं. दोन महिन्यांनी मिक्सरच्या बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून केसाएवढी रेघ दिसली. मला वाटलं केसच चिकटलाय, नखाने काढायला गेले. आठवड्याभरात ती रेघ तिरकी चालत वरच्या कपाटापर्यंत पोचली. काच पडली वगैरे नाही, मागे चिकटलेली आहे, पण रोज सकाळी चहा करताना ती रेघच दिसते.

तो माणूस म्हणाला, तुम्ही मिक्सरची पिन जोरात ओढता. आता नारळ वाटून झाल्यावर पिन काय ओवाळून काढायची?

घाटावरचा
सुरंगीताई, हसून हसून पुरेवाट. "ओवाळून" जबरदस्त.

काचघर
कोल्हापूरला आमचं काचेचं काम आहे, कोकणात बऱ्याच ऑर्डरी जातात. धागा दिसला म्हणून सविस्तर लिहितो.

सुरंगीताईंच्या काचेत पिनेचा दोष नाही, कोपऱ्याचा आहे. ग्राइंडरने कापलं की आतला कोपरा काटकोनात येतो आणि पातं थोडं पुढेही जातं. काचेत सगळा ताण अशा टोकदार जागी गोळा होतो. तिथे डोळ्याला न दिसणारा टवका राहिलेला असतो, रोजच्या थंडगरमने तोच पुढे सरकतो. म्हणून आतले कोपरे नेहमी गोल ठेवायचे. गोलाई निदान काचेच्या जाडीइतकी, म्हणजे ६ मिमीच्या काचेला ६ मिमीची तरी. आधी चार कोपऱ्यांत डायमंड बिटने भोकं आणि मग ती जोडायची, हा साधा उपाय. आणि कापलेल्या कडा घासून घ्यायच्या.

आता टफनविषयी. काच कापून, कडा घासून, भोकं पाडून झाली की ती भट्टीत सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि बाहेर काढून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत मारून झटक्यात थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून थंड होताना आकसायला बघतो आणि बाहेरच्याला कायमचं दाबून धरतो. त्या दाबामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते. पण तोच दाब कुठे भेदलात, अगदी नंतर एक छोटं भोक पाडायला गेलात, तरी अख्खी काच खडीसाखरेसारखी खाली येते. म्हणून तुमचा काचवाला बरोबर आहे. "टफन लावा, बोर्डाचं नंतर घरी कापून देतो" असं कोणी म्हणाला तर एक तर त्याला काम माहीत नाही, नाहीतर तो टफनच्या नावावर साधी काच देतोय.

गॅसच्या मागे टफनच घ्या. साध्या काचेत एका जागी आणि शेजारी चाळीसेक अंशांचा फरक पडला तरी ती तडकू शकते, टफन दोनशेच्या आसपास सोसते. दुकानातल्या तयार लॅकर्ड काचेचा रंग भट्टीत टिकत नाही. तेव्हा क्रम असा की कापणं, घासणं, भोकं, टफन, आणि शेवटी मागून रंग.

पोफळी
अगदी. गणपतीत आमचं मोदकपात्र मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेलं असतं आणि दिवसभर चालू. साधी काच असती तर बाप्पाच्या आधी तिचंच विसर्जन.

अलिबागहून_आलोय
बालसुलभ प्रश्न. काचेतून करंट येत नाही ना? हसू नका, नाव बघूनच विचारतोय.

वायरमन_काका
येत नाही. काच विद्युतरोधक आहे, तारांच्या खांबांवर काचेचे आणि चिनी मातीचे इन्सुलेटर असतातच. पण काचेवरचं पाणी वाहतं. ओल्या फडक्याने काच पुसताना ते पाणी प्लेटच्या फटीतून सॉकेटमध्ये उतरलं तर काच काय करणार? बोर्डाच्या आसपास फडकं पिळून घ्यायचं, आणि मेनबोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. काच लावा नाहीतर शेण सारवा.

आता मूळ मुद्दा. सावंतवाडीकडे सत्तावीस वर्षं वायरिंग करतोय आणि माझ्याच बिरादरीविरुद्ध बोलतोय. तुमचा वायरमन चुकतोय. काच लागल्यावर बॉक्स बसवायला तुम्ही छिन्नी कुठून घालणार, काचेच्या भोकातून? बॉक्स आधीच बसायला हवा, सिमेंटने घट्ट. चिऱ्याच्या भिंतीत गाळा मोठा पडतो, चिरा कसाही फुटतो, मग लोक कागद आणि खिळे कोंबून बॉक्स उभा करतात. टाइलमध्ये ते खपून जातं, कारण टाइलवाला जाग्यावर कापतो. काचेत नाही खपत.

त्याला लेव्हलची काळजी आहे ती खरी आहे. पण तिचं औषध वेगळं. गिलावा पूर्ण होऊ दे, बॉक्सचं तोंड गिलाव्याच्या बरोबरीने येऊ दे, सगळे बॉक्स पाण्याच्या नळीने किंवा लेझरने एका रेषेत घ्या. ओटा लेव्हलमध्ये आहे असं धरून ओट्यावरून टेप लावू नका. सिंककडे ढाळ दिलेला असतो, ओट्यावरून मोजलं की बोर्डही सिंककडे उतरत जातात. टाइलमध्ये ते कळत नाही, काचेच्या सपाट रंगावर लगेच डोळ्यात भरतं.

अलिबागहून_आलोय
काका, दंडवत. ढाळ हे कधीच लक्षात आलं नसतं.

लंडनचा_पाऊस
इकडे ओट्यामागे काच सर्रास लावतात. इथे काचेच्या जाडीमुळे फेसप्लेटचे स्क्रू आखूड पडतात, म्हणून लांब स्क्रू वेगळे घ्यावे लागतात. भारतात तोच प्रश्न येईल बहुतेक.

वायरमन_काका
@लंडनचा_पाऊस, येतो. पण आपल्याकडची रचना जरा वेगळी. तुमच्याकडे सॉकेट आणि प्लेट एकच वस्तू. आपल्याकडे मोड्युलरमध्ये आधी ग्रिड फ्रेम बॉक्सला स्क्रूने बसते, तिच्यात स्विच-सॉकेट, आणि वर चापाची प्लेट. फ्रेम बॉक्सपेक्षा थोडी मोठी असते, तिच्या कडा भिंतीवर टेकतात. आता भिंतीऐवजी तिथे काच आली. लांब स्क्रू लावून पिळला की फ्रेम काचेच्या कडेला दाबते, आणि काच पोटात दणकट असली तरी कडेला नाजूक. वर मिक्सर-मायक्रोवेव्हची पिन रोज ओढली जाते. सुरंगीताई, तुमच्या बोर्डाचा स्क्रू कोणीतरी पैलवानाने पिळलाय हेही कारण असणार.

मी करतो ते असं. स्क्रूवर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा घालतो, काच आणि मागचं सिलिकॉन मिळून जेवढी जाडी होईल तेवढाच लांब. आठ-नऊ मिमी. स्क्रू पिळला की फ्रेम नळीवर थांबते, सगळा जोर बॉक्सवर जातो आणि काचेला फक्त टेकते. नळी कुठली? आमच्या इथे लिहिण्याच्या रिकाम्या पेनच्या नळ्या वापरल्यात. स्क्रू स्टेनलेस घ्या. समुद्राच्या हवेत साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत बॉक्सशी एकजीव होतो, मग सॉकेट बदलायचं तर बॉक्स फोडावा लागतो. काचेच्या आतला बॉक्स फोडणं म्हणजे काय ते समजून घ्या.

मालवणी_मसाला
पेनाची नळी! काकानू, पायां खंय ता सांगा, पडूक येतंय.

घाटावरचा
एक वेगळी सूचना. चिऱ्याची भिंत कधीच ओळंब्यात नसते. भिंतीवर १२ मिमीचा मरीन प्लाय मारायचा, तो लेव्हलमध्ये घ्यायचा आणि त्यावर काच चिकटवायची. पुण्यात आमच्याकडे असंच केलंय, एकदम सपाट. बॉक्सही प्लायच्या तोंडाशी आणून घेतले.

जांभा
@घाटावरचा, असहमत. पुण्यात चालतं म्हणून कोकणात चालेल असं नाही.

मी चिपळूणचा. आमच्या तळमजल्यावर २०१९ मध्ये अगदी हेच केलं होतं, प्लायवर काच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं, ओट्याच्या वर पाणी. ते उतरल्यावर, चिखल काढल्यावर बघतो तर काच जशीच्या तशी, एक ओरखडा नाही. प्लाय मात्र फुगून पुस्तकासारखा उलगडला होता आणि काच त्याच्यासकट भिंतीपासून दोन बोटं पुढे आलेली. सॉकेटच्या भोकातून आत बॅटरी मारली तर मागे चिखल बसलेला. सगळं उतरवलं. बॉक्समधून वाळलेला गाळ चमच्याने काढला आहे मी.

पूर सगळ्यांकडे येत नाही हे मान्य. पण पावसाळ्यात चिरा पाणी पितोच. पश्चिमेची भिंत असेल तर चार महिने मागून ओल. प्लायला ओल आणि वाळवी दोन्ही प्रिय. शिवाय गॅसच्या मागे लाकूड कशाला? गिलावाच दोरी धरून नीट करून घ्या, फार वाकडी असेल तर सिमेंट फायबर बोर्ड वापरा.

घाटावरचा
पुराचं ऐकून वाईट वाटलं. पण बीडब्ल्यूपी ग्रेड म्हणजे उकळत्या पाण्याची चाचणी पास झालेला प्लाय असतो. वाळवीचं प्रोसेसिंगही असतं.

जांभा
पाणी उकळतं होतं की नाही ते बघायला थांबलो नाही. :) माझं म्हणणं इतकंच की जिथे ओल मागून येते तिथे मागे न कुजणारी वस्तू हवी. गडीसाहेब, तुमची ती भिंत कुठल्या दिशेची?

गुहागरचा_गडी
पश्चिमेची. पलीकडे माड आणि मग सरळ समुद्र.

जांभा
मग प्लाय नाही. विषय संपला.

सुरंगी
आणि हो, चिकटवायला सिलिकॉन कुठलं ते बघा. आमच्याकडे व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं वापरलं. सहा महिन्यांत पांढऱ्या काचेवर आतून पिवळट गोल ठिपके उमटले, जिथे जिथे थापा मारला होता तिथे तिथे. पाहुणे विचारतात डिझाइन आहे का. मी हो म्हणते.

काचघर
बरोबर. आंबट वासाचं ॲसिटिक सिलिकॉन मागच्या रंगाला खातं. न्यूट्रल क्युअर मागून घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. थापे मारू नका, उभ्या रेषा ओढा, म्हणजे मागे हवा खेळते आणि ओल आलीच तर खाली उतरते. भिंत मात्र कोरडी हवी. ओल्या गिलाव्यावर सिलिकॉन धरत नाही, वरून कितीही छान वाटलं तरी.

पांढरा रंग हवा असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच घ्या. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे मागचा पांढरा हिरवट दिसतो. गडद रंगाला साधी चालते.

पोफळी
रंगावरून आठवलं. गडीभाऊ, फिकट रंग घ्या. माझ्या जावेने काळी काच घेतली. रोज बांगडे तळतात त्या घरी काळी काच म्हणजे तेलाच्या थेंबांचं प्रदर्शन. आणि चिमणी लावली तरी सासूबाई ती चालू करत नाहीत, "घरघरते" म्हणून.

मालवणी_मसाला
बांगडो तळूचो असलो तर चिमणी बंदच ठेवूची. शेजाऱ्याक वास नको काय? जाता जाता तोय ताट घेवन येता.

वाचनमात्र
चिमणीवर वेगळा धागा काढा कृपया. इथे काच आणि बोर्डांवर बोला. वाचनखूण साठवली आहे, आमचंही काम दिवाळीनंतर आहे.

पोफळी
बरं बाई. माझ्या भावाच्या घरचा किस्सा आहे, तो विषयाला धरूनच आहे.

भाऊ सुतार घेऊन मापं घेत होता. सुतार सुतात बोलतो, हे तुम्हाला माहीतच असेल. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत, तीन मिमीच्या जरा वर. चिठ्ठीवर त्याने बोर्डाचं माप लिहिलं "४।।२". म्हणजे साडेचार इंच आणि दोन सूत, मिमीत १२० होतात. ती चिठ्ठी व्हॉट्सॲपवर काचवाल्याकडे गेली. तिथल्या पोराने ते ४.२ इंच वाचलं, १०७ मिमी केले. तेरा मिमीचा फरक! बॉक्स आत जाईना. टफन काच, कापताही येईना.

पण खरी मजा दुसऱ्या तुकड्याची. माप बरोबर, काच बरोबर, भोक उलट बाजूला. बोर्ड भिंतीच्या डावीकडे, भोक काचेच्या उजवीकडे. कारण चित्र काढताना भावाने रंगाची बाजू वर धरली होती. साध्या काचेचं असतं तर फिरवून लावली असती, पण रंग एकाच बाजूला. वरखाली उलटी करून बघितली, तर भोक डावीकडे आलं खरं, पण ओट्याला टेकलं.

ती काच आता वहिनी अंगणात दोन वीट-थरांवर ठेवून खोबरं वाळवायला वापरते. भोकाखाली मांजर झोपतं आणि वर हात घालून एखादी वाटी ओढतं.

काचघर
चिठ्ठीवर कधीच ऑर्डर देऊ नका, मी ताईंचं हे फ्रेम करून कारखान्यात लावणार आहे.

फर्मा करा. तीन-चार मिमीचा हार्डबोर्ड काचेच्या मापाचा कापा, भिंतीला लावा, बॉक्सची भोकं त्यात कापा. मग त्यातून खरी फ्रेम आणि खरी प्लेट बसवून बघा. ही पायरी लोक गाळतात. कंपनीगणिक प्लेटचं माप वेगळं, बॉक्सचंही वेगळं. जी प्लेट लावणार तीच घरात आणून ठेवा आणि मग फर्मा करा. भोक बॉक्सपेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन मिमी मोठं, आणि तरी प्लेटखाली झाकलं गेलं पाहिजे. फर्म्यावर मोठ्या अक्षरात "दर्शनी बाजू" आणि "वर" असं लिहा आणि फर्माच पाठवा. आम्ही त्यावरूनच कापतो. भोक आणि काचेची कड यांत अंतर निदान जाडीच्या दुप्पट पाहिजे, मी दोन इंचांच्या आत घेतच नाही, वाहतुकीत तिथेच तुटते. आंबा घाट उतरताना टेम्पोत काय काय होतं ते आम्हाला विचारा.

जांभा
आणि साडेअकरा फुटांचा एकच तुकडा मागवू नका. तुमच्या गल्लीत टेम्पो वळेल, पण माजघराच्या दारातून काच वळणार नाही. मुळात पाच बोर्ड हवेतच कशाला? पाच भोकं म्हणजे पाच धोके. पाण्याच्या फिल्टरचा पॉइंट सिंकखालच्या कपाटात जाऊ शकतो. "असू दे, लागेल कधीतरी" तर जाऊच दे.

वायरमन_काका
फिल्टरचा सिंकखाली नको, गळतं तिथे. वरच्या कपाटात घ्या, फिल्टरही वरच असतो. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एका मोठ्या प्लेटवर येतात, फक्त वायरी वेगळ्या ओढा. इंडक्शनला १६ अँपिअरचंच सॉकेट. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर घेते, ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवली की सॉकेट वितळून काचेमागचा रंग करपतो. बघितलंय.

लंडनचा_पाऊस
दोन तुकड्यांचा सांधा बोर्डावरच आणला तर? म्हणजे अर्धी खाच या काचेत, अर्धी त्या काचेत. आतल्या भोकापेक्षा कडेची खाच सोपी ना?

काचघर
खाच कापायला सोपी आहे, हो. आणि थोडं इकडे-तिकडे सरकवताही येतं. पण सांध्यात दोन मिमीची फट राहते आणि ती बरोबर सॉकेटच्या डोक्यावर. वरून ओघळलेलं पाणी थेट आत. सिलिकॉन भरलंत तरी मला आवडत नाही. कोरड्या बाजूला असेल तर चालेल.

अलिबागहून_आलोय
म्हणजे क्रम असा का, बोर्ड कमी करा, बॉक्स बसवा, गिलावा वाळवा, प्लेट आणा, फर्मा करा, काच मागवा?

वायरमन_काका
तुम्ही अलिबागहून आलाय असं वाटत नाही.

गुहागरचा_गडी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा वायरमनला वाचून दाखवला. काकांची पेनाची नळी ऐकून तो पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "ते मी करणारच होतो." ठीक आहे.

ठरलंय ते असं. फिल्टर वरच्या कपाटात. पाचवा बोर्ड रद्द. इंडक्शनचा बाजूच्या भिंतीवर, तिथे काचच नाही. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एका प्लेटवर, म्हणजे अख्ख्या भिंतीत एकच भोक. तीन तुकडे, मधला गॅसच्या मागचा कोरा. फर्मा करताना बाबा आणि मी दोघांनी पेनने "दर्शनी बाजू" लिहिलं, दोघांनी विरुद्ध बाजूंना. पोफळीताई, तुमची वहिनी आठवली. पुन्हा भिंतीला लावून बघितलं, बाबा बरोबर होते.

सुरंगी
शुभेच्छा. फोटो टाका. आणि रेघ आली तरी सांगा, लपवू नका.

वाचनमात्र
काय झालं पुढे? गणपती गेले, धागा तसाच.

गुहागरचा_गडी
क्षमस्व, चौदाची अठरा माणसं आली होती.

काच चतुर्थीच्या सहा दिवस आधी आली. गिलावा वाळायलाच पंधरा दिवस खाल्ले, पाऊस थांबेना, शेवटी भिंतीसमोर दोन दिवस पंखा लावून ठेवला. मेन बंद करून, वायरींच्या टोकांना टेप मारून त्या भोकातून बाहेर ओढल्या आणि काच टेकवली. त्या क्षणी स्वयंपाकघरात कोणी बोलत नव्हतं. बॉक्स भोकात बरोबर आला, डावीकडे जरा जास्त फट, उजवीकडे कमी. प्लेटखाली झाकली जाते, पण डाव्या बाजूला प्लेट काचेवर जेमतेम दोन मिमी येते. मला माहीत आहे म्हणून मला दिसते. काच आणि ग्रॅनाइटमध्ये तीन मिमी सोडून सिलिकॉन भरलं. नळ्या माझ्या भाच्याच्या पेनांच्या, तो अजून रुसलाय.

बाकी एक अडचण झाली आहे. काच लागल्या लागल्या आईने मधल्या तुकड्यावर, गॅसच्या बरोबर मागे, हळदकुंकवाची पाच बोटं ओढली आणि खाली स्वस्तिक काढलं. आता तो तुकडा पुसायचा नाही. त्यावर मोदकांची वाफ, वड्यांचं तेल, सगळं साठतंय. बाजूच्या दोन काचा आरशासारख्या.

मालवणी_मसाला
मगे मधल्या काचेक फडको कधी मारतलस?

गुहागरचा_गडी
दिवाळीला म्हणते. पण तेव्हा पुन्हा काढणार असंही म्हणते.